जांघेतली कळ जात नाही. उभं राहण्या-पळण्याची पद्धत बदलून फरक पडतो का?

साखळीचा_विंगर

नमस्कार मंडळी,

मी साखळीचा. उजव्या विंगला खेळतो. दिवसा कुंडईला कारखान्यात शिफ्ट, संध्याकाळी सराव, सुटीला मॅच. गेल्या हंगामाच्या शेवटापासून उजव्या जांघेत दुखतंय. मांडीच्या आतल्या बाजूने वर वर चाचपत गेलं की जिथे तो ताठ स्नायू हाडाला मिळतो, नेमकं तिथे.

आधी मॅच संपून अंग गार झालं की दुखायचं. मग दुसऱ्या हाफला दुखायला लागलं. आता वॉर्मअपच्या पहिल्या धावेलाच समजतं. अंग तापलं की थोडा वेळ बरं वाटतं, म्हणून खेळत राहिलो.

कळ केव्हा केव्हा येते ते लिहितो, म्हणजे जाणकारांना अंदाज येईल. लाइनवरून आत कट मारताना, म्हणजे पळता पळता झटकन वळताना, उजवा पाय रोवला की. लांब क्रॉस मारला की. शिंकलो की. रात्री कुशीवर वळताना. आणि सकाळी बाइकवर उजवी टांग टाकताना. तेव्हा तर हाताने पाय धरून पलीकडे न्यावा लागतो.

चवथीच्या दिवसांत सगळं बंद ठेवलं. धावणं नाही, बॉलला पाय नाही. दुखणं गेलं. परत मैदानात उतरलो, सुरुवातीचे सराव बरे गेले आणि मग पहिले पाढे पंचावन्न. तेल चोळून झालं, बर्फ झाला, क्लिनिकमध्ये मशीनचा शेक झाला, गोळ्या झाल्या. एमआरआयमध्ये लिहिलंय की प्युबिक हाडाला (ओटीपोटाखालच्या मधल्या हाडाला) आतून सूज आहे, अॅडक्टरच्या (मांडीच्या आतल्या स्नायूच्या) मुळाशी बदल दिसतात, हर्निया नाही. डॉक्टर म्हणाले, अजून आराम कर. किती, ते सांगितलं नाही.

आमच्या टीममधला एकजण म्हणतो की तुझी उभं राहण्याची ठेवणच चुकीची आहे. कंबर आत, पोट पुढे. ती सरळ केल्याशिवाय जांघ सुटायची नाही. खरंच असं असतं का? की हे सगळं मोबाइलवरच्या व्हिडिओंमधून आलेलं? लीग तोंडावर आहे. कुणी यातून बाहेर पडलं असेल तर सांगा.

पेडण्याचा_गोली

मला पण व्हायचं असं, बाबा. गोलीला पाय फाकवून पडावं लागतं ना. मी रोज भिंतीला टेकून पाय फाकवून बसायचो, जितकं ताणता येईल तितकं. आखडलेलं सुटतं. तू पण दिवसातून दोन-तीनदा ताणून बघ. आणि गरम पाण्याचा शेक सोडू नको.

फोंड्याची_फिजिओ

विंगर, तुझं लिहिणं नीट वाचलं. हात लावून तपासल्याशिवाय निदान होत नाही, तेव्हा मी जे लिहिते ते घेऊन जवळच्या एखाद्या फिजिओला प्रत्यक्ष दाखवच. पण तू जे वर्णन केलंस ते मी फुटबॉल, खो-खो, हॉकीच्या मुलांमध्ये इतक्या वेळा पाहिलंय की थोडं सविस्तर लिहिते. मी स्वतः खो-खो खेळत वाढले. खांबाला वळसा घालून पळताना जांघेवर काय येतं ते मला माहीत आहे.

गोलीबाब, तुमचा अनुभव तुमच्यापुरता खरा असेल, पण या मुलाने आत्ता पाय फाकवून ताणू नये. दुखावलेला स्नायू जिथे हाडाला चिकटतो तिथेच त्या ताणाचा सगळा ओढा येतो. ताणलं की दहा मिनिटं मोकळं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाइकवर बसताना दुप्पट कळ. ‘आखडलंय’ असं जे वाटतं ना, ते पुष्कळदा स्नायू आखूड झाल्यामुळे नसतंच. तो कमजोर झालेला असतो आणि दुखतंय म्हणून स्वतःला आवळून धरतो.

आता मूळ प्रश्न. जांघेत दुखणं हे एकच दुखणं नाही. २०१४ साली दोह्यात १४ देशांतले २४ तज्ज्ञ एकत्र बसले आणि त्यांनी याची विभागणी केली. मांडीच्या आतल्या अॅडक्टर स्नायूंशी निगडित, खुबा वर उचलणाऱ्या इलिओसोआस स्नायूशी निगडित, जांघेच्या नळीच्या भागाशी म्हणजे इंग्वायनल, आणि मधल्या प्युबिक हाडाशी निगडित. शिवाय खुद्द खुब्याच्या सांध्यातून येणारं दुखणं वेगळं. त्या विभागणीचा सगळा भर रुग्ण काय सांगतो आणि हाताने तपासून काय सापडतं यावर आहे, स्कॅनवर नाही. तुझ्या रिपोर्टमधली हाडाची सूज वाचून घाबरू नको, हे एवढ्यासाठीच सांगते. अजिबात न दुखणाऱ्या, रोज मॅच खेळणाऱ्या खेळाडूंच्या एमआरआयमध्येही ती सूज बऱ्याचदा दिसते.

एक करून बघ. उताणा झोप, पाय सरळ, दोन्ही घोट्यांच्या मध्ये फुटबॉल धर आणि पाच सेकंद जोरात दाब. तुझ्या नेहमीच्याच जागी दुखलं तर अॅडक्टरचा भाग त्यात आहे असं धरायला हरकत नाही. किती दुखलं त्याला शून्य ते दहामध्ये आकडा दे. कोपनहेगनच्या संशोधकांनी हीच चाचणी सिग्नलच्या दिव्यांसारखी वापरली आहे. दोनपर्यंत हिरवा, तीन ते पाच पिवळा, सहा किंवा वर लाल. हा आकडा पुढे रोज लागणार आहे, लिहून ठेव.

ठेवणीचं म्हणशील तर तुझा मित्र अर्धा बरोबर आहे. नुसतं उभं असताना कंबर आत आणि पोट पुढे आहे म्हणून जांघ दुखत नाही. तशी ठेवण असलेले किती तरी जण आयुष्यभर बिनदुखत खेळतात. आरशासमोर उभं करून ‘बघ, तू वाकडा आहेस’ असं सांगणाऱ्याकडून उपचार घेऊ नको. मग काय महत्त्वाचं? तू पळतोस, थांबतोस, वळतोस, लाथ मारतोस त्या वेळी धड आणि कमरेचा कटोरा (पेल्व्हिस) कुठे जातो, आणि तो तुला आवरता येतो का.

त्या मधल्या हाडावर वरून पोटाचा सरळ स्नायू येऊन चिकटतो आणि खालून अॅडक्टर. दोघांची मुळं एकमेकांत गुंफलेली आहेत. तू उजवा पाय बाहेर रोवून आत वळतोस तेव्हा पाय तिकडे, अंग इकडे. त्या क्षणी कटोरा समतोल धरायचं काम कुल्ल्याच्या बाजूच्या स्नायूंनी, पोटाने आणि अॅडक्टरने वाटून घ्यायचं असतं. बाकीच्यांनी अंग काढलं की सगळा भार त्या एका मुळाशी येतो. मॅचमध्ये असे वळसे किती होतात ते तूच मोज. आराम केलास तेव्हा भार गेला म्हणून दुखणं गेलं. पण आरामात स्नायू आणखी कमजोर झाला आणि वळण्याची पद्धत होती तशीच राहिली. परत उतरल्यावर दुसरं काय होणार?

हे माझं मत म्हणून सोडून देऊ नको. डब्लिनच्या स्पोर्ट्स सर्जरी क्लिनिकमध्ये एंडा किंग, अँड्र्यू फ्रँकलिन-मिलर आणि सहकाऱ्यांनी जांघदुखीच्या २०५ खेळाडूंचा अभ्यास केला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी खेळाडूंना कॅमेऱ्यांसमोर वळायला लावलं, हालचाल मोजली आणि मग व्यायाम दिले. कुठला स्नायू की कुठलं हाड, यावरून व्यायाम ठरवले नाहीत. सगळ्यांना तीन पायऱ्यांनी नेलं. आधी धड, कटोरा आणि पाय एकमेकांवर आवरून धरणं आणि ताकद. मग सरळ रेषेत पळण्याची पद्धत. शेवटी वळणं आणि पूर्ण वेगाची धाव. जे दुखणं न राहता खेळात परतले त्यांना सरासरी साधारण १० आठवडे लागले. आणि दुखणं कमी झालं तेव्हा वळण्याची पद्धतही बदललेली होती. रोवलेल्या पायाकडे धड कलणं कमी झालं, कटोरा जायच्या दिशेने जास्त वळू लागला, पाय जमिनीवर कमी वेळ टेकू लागला.

ताकदीचं त्याहून जुनं उदाहरण आहे. डेन्मार्कच्या पेर होल्मिश यांनी १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक चाचणी छापली. बऱ्याच काळापासून अॅडक्टरचं दुखणं असलेले ६८ खेळाडू. अर्ध्यांना लेझर, मशीन, मसाज, स्ट्रेचिंग. अर्ध्यांना ताकद आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम, आठ ते बारा आठवडे. व्यायामवाल्यांपैकी २३ जण दुखण्याशिवाय पूर्वीच्या पातळीवर खेळायला लागले. दुसऱ्या गटातले ४. तुला आतापर्यंत जे जे मिळालं ते सगळं त्या दुसऱ्या गटातलं आहे. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण आपल्याकडे बहुतेक पोरांचं हेच होतं. शेक घे, गोळी घे, आराम कर, आणि ऐन विशीतलं पोरगं खेळ सोडून मोकळं होतं.

सुरुवात कुठून करायची ते सांगते. पहिल्या टप्प्यात बॉल दाबायचा. उताणा झोपून एकदा घोट्यांत, एकदा गुडघे वाकवून गुडघ्यांत. तीस सेकंद धरायचा, सोडायचा, दहा वेळा. तीनपेक्षा जास्त दुखेल इतक्या जोराने नाही. जोडीला साइड प्लँक (कुशीवर, कोपरावर अंग सरळ तोलून धरणं) आणि एका पायावर उभं राहणं. हे एका पायाचं लोक हसण्यावारी नेतात, पण त्यातच सगळं आहे. अनवाणी, आरशासमोर, बरगड्या कटोऱ्याच्या बरोबर वर, दोन्ही हात कमरेच्या हाडांवर. आता हळू खाली बस, अर्ध्यापर्यंतच. उचललेल्या पायाकडची कंबर खाली पडते का? टेकलेला गुडघा आत जातो का? धड टेकलेल्या पायावर कलतं का? उजव्यावर आणि डाव्यावर किती फरक आहे तो बघून इथे लिही. आणि जमलं तर मित्राला सांगून कट मारतानाचा व्हिडिओ काढ, अर्ध्या वेगाने, समोरून. दुखेल इतक्या जोरात नको.

काणकोणची_धावपटू

मध्येच लिहिते, कारण हे कुणीतरी सांगायला हवं. जांघेत दुखतंय म्हणजे स्नायूच असेल असं धरून चालू नका.

मी लांब पल्ल्याची धावपटू. माझं दुखणं आत खोल होतं, बोट ठेवून दाखवता येत नव्हतं. एका पायावर उडी मारायला गेले की खुब्यातून कळ यायची, आणि रात्री पडल्या पडल्याही ठणकायचं. मला सांगण्यात आलं की स्नायू खेचलाय, पळत राहा. पुढे तपासणीत निघालं की मांडीच्या हाडाच्या मानेला बारीक तडा आहे. धावण्याचा ताण साचत जाऊन पडलेला. कुबड्या घ्याव्या लागल्या. तो तडा दुर्लक्षित राहिला असता तर हाड सरकून ऑपरेशनपर्यंत गेलं असतं. त्या काळात माझी पाळीही अनियमित झाली होती, खाणं अपुरं पडत होतं. या दोन गोष्टींचा हाडाशी संबंध असतो हे तेव्हा मला कुणी विचारलंही नाही. मुलींनी हे जरूर लक्षात ठेवा, आणि कोच मंडळींनीही.

फोंड्याची_फिजिओ

तू लिहिलंस ते फार बरं केलंस. मीच आधी लिहायला हवं होतं असं नाही म्हणत, पण ज्याच्या अंगावर गेलंय त्याने सांगितलं की लोक ऐकतात.

त्यात थोडी भर. विश्रांतीतही किंवा रात्री ठणका, एका पायावर उडी मारताच खोल कळ, जांघेत हाताला लागणारा फुगवटा, वृषणात दुखणं किंवा सूज, ताप, लघवीला त्रास, काही कारण नसताना वजन उतरणं, यांपैकी काही असेल तर व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टर. वृषणात अचानक जोरात दुखलं तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच क्षणी इस्पितळ. आणि दहा ते सोळा वर्षांचं मूल जांघेत किंवा नुसत्या गुडघ्यात दुखतंय म्हणून लंगडत असेल तर खुब्याचा एक्सरे काढाच. त्या वयात खुब्याच्या हाडाची टोपी वाढीच्या रेषेवरून सरकू शकते आणि दुखणं भलतीकडेच, गुडघ्यात जाणवतं.

साखळीचा_विंगर

ताई, सगळं केलं. रात्रीचा ठणका नाही, फुगवटा नाही, उड्या मारल्या तर दुखतं पण वरवर, नेहमीच्याच जागी.

बॉल दाबला तर पाच. डाव्या पायावर अर्धं बसलो, नीट जमलं. उजव्यावर बसलो आणि भावाने पाठीमागून फोटो काढला तो बघून मला धक्का बसला. डावी कंबर सरळ खाली, उजवा गुडघा आत, आणि खांदे सगळे उजवीकडे. मला स्वतःला तर वाटत होतं की मी ताठ उभा आहे.

मग व्हिडिओ. आमच्या वाड्यावरच्या मळ्यात काढला, कापणी झाली आहे. अर्ध्या वेगाने लाइनवरून आलो आणि आत वळलो. फ्रेम थांबवून बघितलं. उजवा पाय मी अंगापासून खूप लांब टाकतो, धड त्या पायावर मागे राहतं, डोकं तर टच लाइनच्या बाहेर. मग पाय जमिनीत रुतून बसतो आणि अंगाला ओढून आत आणावं लागतं. डाव्या बाजूने वळलो तेव्हा असं नव्हतं.

फोंड्याची_फिजिओ

शाब्बास. आता तुला माझ्याइतकंच दिसतंय. ‘अंगाला ओढून आत आणावं लागतं’ असं तू लिहिलंस. ती ओढ कोण देतं? तोच अॅडक्टर. प्रत्येक कटला.

कट सुधारायचा, पण आज नाही. आधी ताकद. बॉल दाबण्याचा आकडा दोनवर आला की बाजूवर झोपून पाय उचलणं, मग कोपनहेगन. कोपनहेगन म्हणजे तू कुशीवर, कोपरावर अंग तोललेलं, जोडीदार तुझा वरचा पाय कमरेच्या उंचीला धरतो आणि तू त्या पायाच्या जोरावर अंग उचलून खालचा पाय वर नेऊन मिळवतोस. सुरुवात गुडघ्याला धरून कर, घोट्याला धरल्यावर ते फार जड जातं. जोडीदार नसेल तर घरच्या सोप्यावरचा बाक चालतो. एकाआड एक दिवस, त्याहून जास्त नको. बरोबर एका पायाचे स्क्वॉट, पुढे पाऊल टाकून बसणं, एका पायावर पुढे वाकणं. प्रत्येकात एकच गोष्ट बघायची, दोन्ही कमरेची हाडं एका रेषेत. हातात वजन नंतर घे. पाण्याची भरलेली कळशी घे, कारखान्यातून आल्यावर जिमला जायला वेळ कुठून आणशील.

मग सरळ पळणं. तू कदाचित पाऊल पुढे लांब टाकून, कंबर मागे ठेवून पळत असशील, कट तसा आहे तर पळणंही तसंच असायची शक्यता आहे. जागच्या जागी गुडघा वर घेत मार्च, मग त्यातच छोटी उडी, पाऊल अंगाच्या खाली पडलं पाहिजे. उंच उभा राहा, छाती फुगवून नव्हे, डोक्यावरून वर ओढल्यासारखा. घरासमोरचा चढ असेल तर चढावर पळ. चढावर पाऊल लांब टाकताच येत नाही.

कट शेवटी. आधी चालत. शेवटची दोन पावलं आखूड, कंबर खाली, छाती आणि नाभी आधीच आतल्या दिशेला वळलेली, आणि उजवा पाय लांब न टाकता जवळ टेकून जमीन ढकलायची. ओढायची नाही, ढकलायची. पंचेचाळीस अंशांचं वळण नीट जमलं की नव्वद. मग वेग. मग समोर माणूस. बॉल सगळ्यात शेवटी, कारण बॉल पायात आला की तू पद्धत विसरणार. लांब क्रॉस त्याच्याही नंतर, आधी पाच-सात मीटरचे पास.

दररोज सकाळी उठल्यावर आकडा. आदल्या दिवशीपेक्षा वाढला तर आदल्या दिवशी जे वाढवलंस ते एक पायरी खाली. बंद नाही करायचं, खाली यायचं. आराम आणि उपचार यांत हाच फरक आहे.

डिचोलीचा_कोच

पोरांना बघत बघत केस पिकले, म्हणून दोन शब्द.

ताई सांगते ते शंभर टक्के. पण आपल्याकडे पोरांचं वेळापत्रक कोण बघतो? पावसात मैदानं चिखल, पोरं घरी बसतात. पाऊस सरला की एकदम क्लबचा सराव, कंपनीची टीम, गावागावांतल्या टुर्नामेंटा, त्यात कुणी जेवणाखाणाला पैसे देतो म्हणून मळ्यात आणखी एक मॅच. आज म्हापशाच्या दुलेर मैदानात टर्फवर, उद्या सुकलेल्या शेतात जिथे मेर (बांध) आणि भाताची खुटं पायाखाली. तेच बूट, तेच स्टड. अशाने जांघ राहणार कशी? भार हळूहळू चढवला पाहिजे. पावसातच सुरू करायला हवं, समाजमंदिराच्या हॉलमध्ये का होईना.

मी आमच्या टीमला वॉर्मअपमध्ये कोपनहेगन घालतो, जोड्या पाडून. नॉर्वेत निमव्यावसायिक संघांवर हा प्रयोग झालाय, २०१९ मध्ये छापून आला. हंगामाआधी आठवड्यातून तीनदा, हंगामात एकदा, आणि जांघेच्या तक्रारींचा धोका ४१ टक्क्यांनी कमी. त्याला बॉल लागत नाही, पैसे लागत नाहीत, दहा मिनिटं लागतात. तरी पोरं कुरकुरतात, कारण दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. पहिले दोन आठवडे कमी द्या, मग कुरकुर थांबते.

आणि विंगरा, तुझ्या कोचला स्पष्ट सांग. मॅचच्या दिवशी सांगू नको, आधी सांग. जो कोच ऐकणार नाही त्याच्यासाठी जांघ फोडून घ्यायची गरज नाही.

पेडण्याचा_गोली

फिजिओताई, मी तर अजून ताणतोच आहे, जांघ अधूनमधून बोलतेच. बॉल दाबून बघितला, चार. मी पण हेच सुरू करू का? आणि गोलीला कट कुठे असतो?

फोंड्याची_फिजिओ

करा, गोलीबाब. बॉल दाबण्यापासूनच. गोलीला कट नाही पण बाजूला झेप आहे, आणि झेप घेण्याआधीचं ते एक आडवं पाऊल म्हणजे तुमचा कट. मागच्या पायाने ढकलून झेप घेता की पुढचा पाय लांब टाकून अंग त्याच्यावर सोडता, ते कुणाला तरी शूट करायला सांगा. लांब किकही बघा. गोलकिक मारताना टेकलेल्या पायाकडे धड पडतं का. वय चाळिशीकडे असेल आणि मोजे घालताना, उकिडवं बसताना खुबा अडतो असं वाटत असेल तर तसं लिहा, मग गोष्ट वेगळी. खुब्याचा सांधा तपासावा लागेल.

साखळीचा_विंगर

नाताळच्या सुटीत लिहितोय. एवढे दिवस लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. सुरुवातीला आकडा हलतच नव्हता. मग कधीतरी चार, मग तीन, मग एकदा मी घाईने घोट्याला धरून कोपनहेगन केलं आणि परत पाच. ताईंनी सांगितल्याप्रमाणे पायरी उतरलो, गुडघ्यावर आलो. फोंड्याला एका फिजिओकडे जाऊन तपासूनही घेतलं, अॅडक्टरच निघाला, खुबा ठीक.

आता सकाळी शून्य किंवा एक. बाइकवर टांग हाताशिवाय जाते. शिंक आली तरी पोट धरत नाही. एका पायावर बसलो की दोन्ही बाजू जवळपास सारख्या दिसतात, भावाने परत फोटो काढला. कट नव्वद अंशांपर्यंत पूर्ण वेगाने जातो, पण समोर डिफेंडर आला आणि मी दमलेलो असलो की खांदे अजून उजवीकडे पडतात. व्हिडिओत स्पष्ट दिसतं. क्रॉस अजून मोजकेच मारतो.

कोच म्हणतो रविवारी पूर्ण नव्वद मिनिटं खेळ. मला खेळायचंय, खूप खेळायचंय. काय करू?

फोंड्याची_फिजिओ

नव्वद नको. दमल्यावर जुनी पद्धत परत येते हे तू स्वतःच लिहिलंयस, आणि शेवटची वीस मिनिटं म्हणजे दमलेलीच मिनिटं. पहिला अर्धा तास खेळ, अंग ताजं असताना, आणि बाहेर ये. कोचला आजच फोन कर, डिचोलीबाबांनी सांगितलं तसं. सोमवारी आकडा दोनच्या आत राहिला तर पुढच्या मॅचला पंचेचाळीस, मग साठ. मधल्या सरावात दमून झाल्यावर मुद्दाम चार-सहा कट घाल, संपूर्ण सरावाच्या शेवटी, कुणाला तरी शूट करायला लावून. दमलेलं असताना धड आवरणं हेच आता तुझं काम उरलंय.

कोपनहेगन हंगामभर आठवड्यातून एकदा, बरं वाटतंय म्हणून सोडायचं नाही. मॅचच्या आदल्या दिवशी मात्र नको, मांड्या भरलेल्या राहतील. मंगळवार-बुधवार बरा.

डिचोलीचा_कोच

अर्धा तास पुरे आहे, विंगरा. आणि पहिल्या अर्ध्या तासातच दोन क्रॉस नीट टाक, पूर्ण मॅच खेळल्यासारखंच आहे. मॅच कुठे आहे ते कळव, मी बघायला येतो. टच लाइनवरून तुझे खांदे मी बघतो.